घरातल्या वायफायची मोजणी

सोमवार, ३

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या संगणकावरचं इंटरनेट गेलं. आपल्या मोबाइलवर ते चालू असल्याचं बायकोने सांगितलं. स्वयंपाकघरातून गाणं ऐकू येत होतंच. बाबांनी त्यांच्या खोलीतून कळवलं की राउटरचे चारही दिवे हिरवे आहेत. म्हणजे बिघाड राउटर आणि माझी मागची खोली यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. हे अंतर चौदा मीटर.

आज नव्या कामाचा पहिला दिवस. जुने कागदी नकाशे संगणकावर रेघ न् रेघ उतरवायचे आणि रोज पाचच्या आत नकाशे करणाऱ्या कंपनीला पाठवायचे. पाठवायला अर्धा तास लागतो. मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिले चार आठवडे परीक्षेचे आहेत. कंपनीच्या बाईंनी फोनवर नियम सांगितला: तीनदा उशीर झाला की काम दुसऱ्या कुणाला. आवाज गोड होता.

आजचा नकाशा चार त्रेपन्नला गेला. सात मिनिटं राखून.

ही वही मोजणीची आहे. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतून निघताना टेबलाच्या खणातून एवढी एकच आणली. डावीकडे आकडे लिहायचे, उजवीकडे शेरा. शेऱ्याला जागा भरपूर असल्यामुळे दैनंदिनी म्हणून वापरायला घेतली.

मोजणी कंपनीने आमचा विभाग दोन महिन्यांपूर्वी बंद केला, हे बाबांना सांगितलेलं नाही. त्याच कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं पट्टी धरली. साहेब दुर्बिणीतून बघून आकडे लिहिणार आणि पट्टीवाला लांब उन्हात आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभा राहणार, असं ते काम. बाबांच्या शब्दाखातर मला तिथे घेतलं, आणि तेही दुर्बिणीच्या बाजूला. तेव्हापासून ते मला 'साहेब' म्हणतात. कंपनीने आता घरून काम दिलंय, असं त्यांना सांगितलंय. योग्य वेळी खरं सांगेन.

मंगळवार, ४

इंटरनेट गेलं. वेळ चार सतरा. केलेले उपाय: संगणक बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. दोन्ही एकदम बंद करून चालू केले. वायफायचा पासवर्ड विसरायला लावून पुन्हा आठवायला लावला. चार अठ्ठावीसला आपोआप आलं. चार अठ्ठावन्नला नकाशा गेला.

बायको दाराशी येऊन म्हणाली, "अहो, ती वायफायची खुंटी संगणकाच्या डब्याच्या पाठीमागे खोचलीये तुम्ही. समोरून लोखंड, मागून कपाट. तिथे माणूस गुदमरेल, सिग्नलचं काय घेऊन बसलात. पुढे आणा तिला. नाहीतर सरळ वायर टाका."

मी म्हटलं, मोजणी केल्याशिवाय लाइन टाकत नाहीत.

"कोण टाकत नाहीत?"

म्हटलं, कुणीच.

ती दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देते. तिथे सगळं पटापट उरकायची सवय आहे.

बुधवार, ५

पहिला उशीर. पाच वाजून अकरा मिनिटं. बाईंचा फोन आला. "काका, एक झाला हं." आवाज गोडच होता.

गुरुवार, ६

मोजणीला सुरुवात. घरात एक-एक मीटरवर खडूने फुल्या मारल्या. बाबांच्या खोलीत बारा, मधल्या खोलीत दहा, बोळात चार, स्वयंपाकघरात आठ, मागच्या खोलीत बारा. एकूण शेहेचाळीस बिंदू. मोबाइलवर सिग्नलचा जोर दाखवणारं एक ॲप मिळालं. आकडा उणेमध्ये येतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरपाशी उणे चाळीस, माझ्या खुर्चीवर उणे ऐंशीच्या खाली.

एकट्याने चालायचं, वाचायचं आणि लिहायचं यात चुका होतात. म्हणून बाबांना विचारलं, मोबाइल धराल का. बाबा ब्याऐंशीचे आहेत. दुपारी दोन ते सहा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. झोपलेले नसतात.

ते उठले, सदरा बदलून आले. म्हणाले, "छातीच्या उंचीवर धरू की खांद्याच्या?"

छातीच्या म्हटलं.

"सगळ्या बिंदूंना तीच उंची ठेवायची ना, साहेब? नाहीतर नंतर बोंबलशील."

मी मधल्या खोलीत टेबल मांडून बसलो. बाबा एकेका फुलीवर जाऊन उभे राहिले आणि ओरडले. "बिंदू सात! उणे एकावन्न!" समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईने खिडकी उघडून पाहिलं आणि बंद केली.

बिंदू ३१ गॅसच्या शेगडीसमोर येतो. तिथे बायको उभी होती. हलायला तिने नकार दिला. म्हणून दोन नोंदी घेतल्या. बायकोसह उणे ७४. ती फोडणी उतरवून बाजूला झाल्यावर उणे ६९. माणसाचं शरीर सिग्नल अडवतं, हे सिद्ध झालं.

"म्हणजे मी पाच आकडे अडवते," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "सूनबाई, आमच्या वेळच्या एका साहेबाला अख्खी टेकडी अडवायची. तू पाचावरच आहेस."

मोजणीच्या नादात पाठवायला बसलो चार पंचवीसला. चार सत्तावन्नला गेलं, मध्ये न तुटता. ही गोष्ट नोंदण्यासारखी वाटत नाही.

शुक्रवार, ७

सकाळी बायकोने फरशी पुसली. शेहेचाळीसपैकी एकेचाळीस बिंदू नष्ट. बाबा तिला म्हणाले की मोजणीची खूण पुसणं हा गुन्हा आहे. तिने फडकं पुढे केलं आणि म्हणाली, "मग खुणा सोडून बाकीची फरशी तुम्ही पुसा." बाबा पाय वर घेऊन पलंगावर बसले.

संध्याकाळी तिने दवाखान्यातून फायलींना लावायच्या गोल चिकट्या आणल्या. पिवळ्या. धुतल्या तरी निघत नाहीत. दातांच्या दवाखान्यात पिवळी चिकटी म्हणजे 'पुन्हा बोलावणे'.

शनिवार, ८

सर्व बिंदू पुन्हा मोजले. सारख्या सिग्नलच्या जागा रेघांनी जोडून घराचा नकाशा काढला. डोंगराचे चढउतार दाखवतात तसाच दिसतो. शिखर बाबांच्या खोलीत, फळीवर, राउटरपाशी. तिथून उतार मधल्या खोलीपर्यंत सावकाश आहे. माझ्या खोलीत लोखंडी कपाट आणि संगणकाचा डबा यांच्यामध्ये एक खोल दरी आहे आणि तिच्या तळाशी वायफायची खुंटी आहे.

खुंटीला एक हातभर लांबीची वायर जोडून तिला टेबलावर पुढे आणलं. उणे ८६ चा आकडा उणे ६६ झाला. तीनदा तपासला.

बायको म्हणाली, "हे मी मंगळवारी सांगितलं होतं."

म्हटलं, तू अंदाजाने सांगितलं होतंस.

बाबांनी नकाशा बराच वेळ उजेडात धरून पाहिला. मग विचारलं, "म्हणजे झालं?"

म्हटलं, झालं.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी चष्मा डबीत ठेवला आणि पलंगावर जाऊन पडले.

सोमवार, १०

नकाशा चार बत्तीसला गेला. बिघाड नाही. बाबा दुपारभर पडून होते. हवा कोरडी.

मंगळवार, ११

चार वीसला पुन्हा गेलं. मी बाहेर येऊन पाहतो तर बाबा सदरा घालून बोळात उभे, मोबाइल चार्ज केलेला.

"साहेब, मला वाटतं परत मोजावं लागणार."

वेळ नव्हता, तरी राउटरजवळचे बारा बिंदू घेतले. मागच्या खोलीच्या दिशेला अचानक एक सावली आढळली, शनिवारी नव्हती. राउटरच्या बरोबर पुढे पत्र्याचा डबा होता. बाबांची जुनी हत्यारं त्यात असतात: पितळी ओळंबा, दोरी, खिळे. एरवी तो त्यांच्या पलंगाखाली असतो. आवराआवरी करताना बायकोने फळीवर ठेवला असावा. डबा हलवला, सिग्नल आला, चार एकोणसाठला नकाशा गेला.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी? तो डबा?" आणि बाबांकडे बघितलं. मग म्हणाली, "असेल बाई. हल्ली माझं लक्ष नसतं." आणि तिला ठसका लागला.

बुधवार, १२

बिघाड नाही, पण बाबांचं म्हणणं असं की एकदा सावली सापडली म्हटल्यावर सगळी मोजणी पुन्हा करायला हवी. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. नकाशा लवकर पाठवून पाचनंतर बसलो.

बिंदू नऊपर्यंत झालं आणि ते थांबले. म्हणाले, "साहेब, एक विचारू? चौतीस वर्षं मी नुसता उभा राहिलो. कुणी मला वही दिली नाही. आज तू उभा राहतोस?"

खुर्ची दिली. पेन्सिल दिली. ही वही उलटी करून मागच्या बाजूची पानं दिली. त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, ते पसंत पडलं नाही, पुन्हा टोक काढलं. मग पाय सरळ केले आणि म्हणाले, "हं. बिंदू दहा."

मी बिंदू दहावर जाऊन उभा राहिलो.

"हलतोयस."

म्हटलं, नाही हललो.

"पट्टीवाल्याने उलट बोलायचं नसतं. उंची सांभाळ. ओरड."

मी ओरडलो. समोरच्या खिडकीतली बाई या वेळी खिडकी बंद न करता उभी राहिली.

बिंदू ३१ वर बायको होतीच. बाबांनी खुर्चीतूनच हुकूम केला, "सूनबाई, पाच आकडे बाजूला व्हा." ती झाली. माझ्यासाठी होत नाही.

शेवटी मी वही बघायला हात पुढे केला. त्यांनी मिटली. "पट्टीवाल्याने वही बघायची नसते. आम्हाला कधी कुणी दाखवली?" मुद्दा बरोबर आहे. मागची पानं त्यांची, पुढची माझी, असं ठरलं.

गुरुवार, १३

दुसरा उशीर. पाच वाजून दोन मिनिटं.

या वेळी राउटरचे दोन्ही कान, म्हणजे अँटेना, आडवे पडलेले सापडले. रस्त्यावरून जड गाड्या जातात, त्यांच्या हादऱ्याने पडले असावेत. दोन्ही अगदी सारख्या कोनात पडले होते. हादरा मोठा असणार.

बाईंचा फोन आला. "काका, दोन झाले. तिसरा झाला की माझ्या हातात काही नाही हो." मी बोळात जाऊन हळू आवाजात बोललो. बाबा खोलीतून विचारत होते, "कोण रे? कंपनी?" म्हटलं, हो, कंपनी. "काय म्हणतायत साहेबलोक?" म्हटलं, काम आवडलं म्हणतात.

बायको भांडी पुसत होती. एकच ताटली तिने बराच वेळ पुसली.

सोमवार, १७

इंटरनेटवाला आला. पिवळ्या चिकट्या चुकवत बाबांच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत गेला आणि परत आला. "काका, हे काय? पूजा वगैरे आहे का?"

बाबा म्हणाले, "मोजणी आहे."

त्याने नकाशा पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाला, "नकाशा भारी आहे. आमच्या हापिसात असा नाही. पण काका, राउटर ठणठणीत आहे, तुमची खुंटी ठणठणीत आहे. पंधरा मीटर वायर टाका आणि विसरून जा. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांची कामं टिकत नाहीत," बाबा म्हणाले.

"आजोबा, वायर वीस वर्षं टिकते."

"मग तर मुळीच नको."

इंटरनेटवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं की अजून कारण सापडलेलं नाही. कारण न शोधता वायर टाकणं म्हणजे दुखणं झाकणं. तो वायरीचं वेटोळं आणि क्लिपांची पुडी ठेवून गेला. "मन बदललं तर." बायकोने ते वेटोळं तिच्या कपाटात ठेवलं.

खरं लिहायचं तर वायर टाकावी असं मला वाटत नाही. का वाटत नाही याचं तांत्रिक कारण उद्या शोधेन.

बुधवार, १९

तांत्रिक कारण सापडलं नाही.

चार वीसला सिग्नल पडला. या वेळी मी सावध होतो. नकाशा साडेतीन वाजताच पाठवायला लावला होता, तो गेलेला होता. राउटरच्या मागे ॲल्युमिनियमचं मोठं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं सापडलं. आमच्याकडच्या कुठल्याच भांड्याचं नाही. बायकोने ओळखलं: शेजारणीचं आहे. ते इथे कसं आलं, हे तिला विचारलं तर म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे मोजणीतले, तुम्हीच शोधा."

बाबा खुर्चीत तयारच होते. "चला. बिंदू एक."

आज त्यांनी मला बिंदू अठरावर तब्बल चार मिनिटं उभं केलं. त्यांना आकडा पटत नव्हता. पाय दुखले. म्हटलं, बाबा, पुरे. ते म्हणाले, "उन्हात आहेस का? नाहीस ना? मग उभा राहा." मग जरा वेळाने, वहीत बघतच, "पाणी पिऊन ये जा."

त्यांना कुठल्याही साहेबाने असं म्हटलं होतं का, हे विचारायचं राहिलं.

शुक्रवार, २१

बायकोने चहा ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"पुढच्या शुक्रवारी शेवटचा दिवस ना? आणि एकच उशीर शिल्लक."

म्हटलं, हो. शेवटचा नकाशा मोठा आहे. नेहमीच्या चौपट.

"मग त्यांना सांगा."

"कुणाला?"

"बाबांना. की कंपनी बंद झाली, हे काम गेलं तर दुसरं नाही, सगळं. सांगा म्हणजे नेट आपोआप नीट चालेल."

बाबांना सांगण्याचा आणि नेटचा काय संबंध, हे मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. एकतीस वर्षांच्या संसारात एवढा वेळ तिने माझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही.

"योग्य वेळी सांगेन," म्हटलं.

"योग्य वेळ कोण मोजून देणार तुम्हाला? इंटरनेटवाला?"

सांगता येत नाही हे खरं आहे. त्या कंपनीच्या निरोप-समारंभात त्यांना मिळालेलं घड्याळ ते अजून रोज किल्ली देऊन लावतात. ते वेळ बरोबर दाखवत नाही. पण लावतात.

सोमवार, २४

दुपारी पाणी प्यायला गेलो तर बाबा स्वयंपाकघरात, बिंदू ३१ च्या शेजारी स्टुलावर बसलेले. बायको समोर. मी येताच दोघे बोलायचे थांबले. बायकोने भाजी निवडायला घेतली. भाजी आधीच निवडलेली होती.

बाबांनी विचारलं, "साहेब, कंपनी कशी आहे आपली?"

म्हटलं, ठीक आहे.

"हं," ते म्हणाले. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खोलीत गेले. वयामुळे आधार लागतो.

आज बिघाड नाही.

गुरुवार, २७

मंगळवार, बुधवार, आज: बिघाड नाही. बाबांना विचारलं, मोजायचं का. म्हणाले, डोळे दुखतात. कालपासून त्यांच्या पलंगाखालचा डबा दिसेनासा झाला होता. आज तो कपाटाच्या वर, दोरीने बांधून ठेवलेला दिसला. शेजारणीचं झाकण परत गेलं. राउटरचे कान ताठ.

वातावरणात बदल झाला असावा. बाबांचं जेवण कमी झालं आहे.

शुक्रवार, २८

सकाळी शेवटचा कागदी नकाशा आणायला नकाशा कंपनीच्या कचेरीत गेलो. जाऊन-येऊन दोन तास. परत आलो तर घरभर वायर टाकलेली.

बाबांच्या फळीवरून खाली, भिंतीच्या पायथ्याने मधल्या खोलीतून, बोळातून, माझ्या टेबलापर्यंत. अर्ध्या-अर्ध्या मीटरला एक क्लिप. कोपऱ्यात वळण काटकोनात. ओळंबा लावून उभी रेघ तपासलेली दिसत होती, कारण ओळंबा अजून खिळ्याला लटकत होता. चौदा मीटर साठ सेंटिमीटर. एकही पिवळी चिकटी वायरीखाली गेलेली नाही.

बाबा खुर्चीत बसून घाम पुसत होते. मोजपट्टीचं दुसरं टोक बायकोने धरल्याचं कळतं. ती दवाखान्यात उशिरा गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, बाबा, तुम्ही तर नको म्हणत होतात.

"पाच मिनिटांचं काम आहे म्हणून नको म्हणत होतो. मला दीड तास लागला."

चारला नकाशा पाठवायला लावला. बाबा दारात स्टूल टाकून बसले, तोंड बोळाकडे. कुणी वायरीवर पाय देऊ नये म्हणून. घरात आम्ही दोघेच होतो. त्यांनी मला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. स्वतः आणून दिलं. वायर असल्यामुळे चौपट नकाशाही चार एकतीसला पूर्ण गेला.

चार चाळीसला बाईंचा फोन. सोमवारपासून काम कायम. "काका, शेवटच्या नकाशात एक चूक नाही हो." हे मी बोळात न जाता, तिथेच बसून ऐकलं.

बाबांना म्हटलं, काम आवडलं म्हणतात.

"या वेळेला खरं म्हणत असतील," ते म्हणाले आणि ओळंबा उतरवून डब्यात ठेवला.

शनिवार, २९

सुट्टी. इंटरनेट उत्तम. सकाळपासून एकदाही गेलं नाही. करण्यासारखं काही नाही.

बाबा दोनला पडले. भिंतीकडे तोंड.

वहीत आजची नोंद करायला बसलो आणि वही चुकून उलटी उघडली. मागच्या बाजूने. मिटायला हवी होती. पट्टीवाल्याने वही बघायची नसते. पण अक्षर दिसलं. एवढं नीट अक्षर मी बाबांचं पाहिलेलं नव्हतं. डावीकडे आकडे, उजवीकडे शेरा, नियमाप्रमाणे. पहिल्या पानावर त्यांनी मंगळवारचा दिवस मागाहून भरला होता, तसं प्रामाणिकपणे वर लिहूनही ठेवलं होतं.

शेरे जसेच्या तसे उतरवतो.

"ता. ११ (मागाहून). ४.१२, डबा फळीवर ठेवला. ४.२०, सिग्नल गेला. परिणाम अपेक्षेप्रमाणे."

"ता. १३. ४.१५, कान पाडले. दोन्ही. उशीर झाला. साहेब फोनवर हळू बोलत होता. कारण कळलं नाही."

"ता. १९. ४.१६, झाकण (शेजारचं, मागून आणलं, सूनबाईने पाहिलं, बोलली नाही). बिंदू १८, साहेबाचे पाय दुखले. चूक माझी. पाणी प्यायला सोडलं."

"ता. २४. सूनबाईने सांगितलं. कंपनीचा विभाग दोन महिन्यांपूर्वी बंद. १३ तारखेचं कारण कळलं. साहेबाने स्वतः सांगितलेलं नाही, तेव्हा विचारू नये."

"ता. २८. वायर टाकली, १४.६०. मोजणी समाप्त."

माझ्या हाताखाली माणसं होऊन गेली ज्यांनी घरी बसून आकडे भरले. जी रेघ चुकली तिच्यावर शाई सांडली म्हणाले. चौतीस वर्षं ज्याच्या हातात वही दिली नाही त्या माणसाने आपणच केलेला बिघाड मिनिटासकट लिहून ठेवला, कारण शेऱ्याच्या रकान्यात खरं लिहितात.

वही मिटली. पुन्हा पुढच्या बाजूने उघडली.

ता. ११ ते १९ दरम्यानच्या बिघाडांबद्दल नोंद अपुरी राहिली होती, ती पूर्ण करतो. शेरा: कारण अज्ञात. हा शेरा आम्ही कंपनीत दोन प्रसंगी मारायचो. कारण सापडलं नसेल तेव्हा, आणि सापडलं असेल तेव्हा.

रविवार, ३०

सकाळी दहा वाजता संगणकामागची वायर काढली. क्लिपांना हात लावलेला नाही. सोमवारी सकाळी टोक पुन्हा खोचायचं, एवढंच. बायकोने पाहिलं आणि विचारलं, "हे काय आता?"

म्हटलं, कुठल्याही मोजणीनंतर महिन्याने तपासणीची मोजणी घ्यावी लागते. नियम आहे.

"कुणाचा?"

म्हटलं, आमचा.

दवाखान्याच्या पिशवीतून तिने पिवळ्या चिकट्यांचा नवा पट्टा काढून टेबलावर ठेवला. दोन बिंदूंच्या चिकट्या निघायला आल्या आहेत, असं तिचं निरीक्षण आहे.

बाबांना सांगितलं की वायफाय पुन्हा तपासावं लागेल, वायरीवर भरवसा ठेवून चालत नाही. ते पलंगावर उठून बसले. "वाटलंच मला," म्हणाले. "तू उभा राहणार की मी?"

म्हटलं, मी. वही तुमच्याकडे.

त्यांनी सदरा बदलला आहे. दोन पेन्सिलींना टोकं काढून ठेवली आहेत. आता पावणेचार झालेत. बिंदू ३१ वर पोचलो की त्यांना कंपनीचं सांगायचं ठरवलंय, स्वतःहून, सुरुवातीपासून. त्या वेळी आपण तिथून हलणार नाही, असं बायकोने आधीच कळवलं आहे. तेव्हा नोंद बायकोसह होईल.

मोजणी बरोबर चार वाजता सुरू होईल. चार वीसच्या सुमारास सिग्नल जाण्याची शक्यता आहे. डबा मी कपाटावरून काढून, दोरी सोडून, फळीजवळ हाताला येईल असा ठेवला आहे.